चाळणीचा न्याय

‘विवेक’ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की, त्याचा मूळ अर्थ बहुधा आपल्या ध्यानातच येत नाही. ‘विच्’ या संस्कृत धातूचा अर्थ वेगळे करणे असा आहे. त्यास ‘वि’ हा उपसर्ग लागून झालेल्या ‘विवेक’ या शब्दाचा अर्थही मुळात एकमेकांत मिसळलेल्या गोष्टी निरनिराळ्या करणे एवढाच. नित्य आणि अनित्य, सत् आणि असत् यांची फोड करणारी बुद्धी ती विवेकबुद्धी, हा थोर अर्थ या साध्या अर्थावरच उभा आहे. मराठीतदेखील ‘निवडणे’ आणि ‘निवाडा’ हे शब्द एकमेकांच्या किती जवळ नांदतात पाहा. घरातील माउली सूप पुढे घेऊन तांदळातील खडे निवडते आणि चावडीवरील पंच तंट्याचा निवाडा करतात. दोघांचे काम एकच, एकत्र आलेले अलग करणे. न्यायाची कल्पना मनुष्याच्या मनात उगवली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सूप आणि चाळणी असावी, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

आपल्या कवींनी मात्र विवेकाचा आदर्श म्हणून सुपाऐवजी राजहंस पुढे केला. पाणी मिसळलेल्या दुधातून तो नेमके दूध तेवढे घेतो आणि पाणी मागे ठेवतो. कल्पना मोहक आहे, यात संशय नाही. परंतु या दृष्टांताने आपली एक फसवणूक केली आहे. राजहंसाची निवड कधी चुकत नाही, तिला श्रम पडत नाहीत, आणि मागे राहिलेल्या पाण्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. प्रत्यक्षातील कोणतीही निवड अशी नसते. ती थोडीफार चुकते, तिला किंमत पडते आणि तिच्या मागे नाकारलेल्या वस्तूंचा एक ढीग उरतो. न्यायाचा विचार करावयाचा तर राजहंसाला त्याच्या मानससरोवरात सुखाने राहू द्यावे आणि चाळणीकडे वळावे, असे मला वाटते.

चाळणीचे शास्त्र आता फार पुढे गेले आहे. आपल्या घरांत आणि खळ्यांवर उफणणे, पाखडणे, चाळणे, घोळणे, निवळणे या क्रिया चालत आल्या. उफणताना वाऱ्याने भूस उडते आणि दाणा जवळ पडतो, कारण दोहोंचे वजन वेगळे. चाळताना आकार पाहिला जातो. पाणी निवळताना गाळ किती वेगाने तळाशी बसतो याला महत्त्व येते. रासायनिक अभियांत्रिकीने यांहून निराळे काही केलेले नाही. वस्तूंमधील एखादा गुणभेद हेरावयाचा आणि त्या भेदाचा आधार घेऊन कणाकणाला वेगळी वाट दाखवावयाची, एवढेच तिचे सूत्र आहे. फरक असा की, अभियंत्याने आपल्या चाळणीला प्रश्न विचारले. ती किती चुकते, कोणाच्या बाबतीत चुकते आणि का चुकते, हे त्याने आकड्यांत मांडले. निवाडा करण्याचा अधिकार असलेल्या इतर मंडळींनी आपल्या चाळणीला हे प्रश्न क्वचितच विचारले आहेत.

पदवीपरीक्षेला माझा विषय रसायनशास्त्र होता. नोकरी मात्र केंद्र सरकारच्या कार्यालयात आलेले अर्ज तपासून ग्राह्य कोणता आणि अग्राह्य कोणता हे टिपणीत लिहिण्याची लाभली. नोकरीनिमित्त काही वर्षे धनबादकडे काढली, तेव्हा कोळसा धुण्याचे कारखाने, ज्यांना तिकडे सर्वजण वॉशरी म्हणतात, त्यांच्याविषयी वाचण्याची आणि जाणत्यांकडून ऐकण्याची संधी मिळाली. या दोन कामांतील साम्य पुढे मनातून जाईना. म्हणून येथे कोळशाचेच उदाहरण घेतो.

आपल्या देशातील बहुतेक कोळसा गोंडवन काळातील आहे. वनस्पतींचे अवशेष प्रवाहाबरोबर वाहत येऊन माती आणि गाळ यांच्यासह साचले आणि त्यांचा कोळसा झाला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे आपल्या कोळशात दगडमाती वरून मिसळलेली नसून अंगातच भिनलेली असते; वीजनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असणे ही नित्याची गोष्ट आहे. पोलादाच्या भट्टीला असा कोळसा चालत नाही. तिच्यासाठी राख १७-१८ टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. आता शुद्ध कोळशाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.३ असते आणि त्यातील दगडाचे २ हून पुष्कळ अधिक. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात; म्हणून मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड पाण्यात मिसळून १.५ विशिष्ट गुरुत्वाचे जड द्रव माध्यम तयार करतात. त्यात कोळसा तरंगतो आणि दगड तळाशी जातो. पुढे चुंबकाच्या साहाय्याने ती पूड परत मिळवितात. कागदावर ही व्यवस्था राजहंसाच्या तोडीची दिसते.

तथापि प्रत्यक्ष यंत्रात काय घडते, हे ट्रॉम्प या डच अभियंत्याने १९३७ साली एका वक्ररेषेने दाखवून दिले. प्रत्येक विशिष्ट गुरुत्वाच्या कणांपैकी शेकडा किती कण कोणत्या बाजूस गेले, हे त्याने मोजले. यंत्र निर्दोष असते तर १.५ च्या रेषेवर ही वक्ररेषा कड्यासारखी सरळ उभी राहिली असती. अलीकडचे सर्व इकडे आणि पलीकडचे सर्व तिकडे. प्रत्यक्षात ती डोंगराच्या उताराप्रमाणे कललेली निघते. फार हलके आणि फार जड कण बहुतेक योग्य बाजूस जातात. मात्र सीमारेषेच्या जसजसे जवळ यावे तसतशी चूक वाढत जाते. नेमक्या सीमारेषेवरील कणाला कोळशाच्या बाजूस जाण्याची जितकी शक्यता, तितकीच दगडाच्या बाजूस जाण्याची. किंबहुना सीमारेषेची व्याख्याच अभियंते अशी करतात की, ज्या गुरुत्वाचे कण निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे जातात ती ही रेषा. येथे, म्हणजे जेथे निवाड्याची खरी गरज असते तेथेच, निवाडा नाणेफेकीवर येऊन ठेपतो.

या उताराचे मापही ठरलेले आहे. एखाद्या यंत्राचा संभाव्य दोष ०.०४ आहे असे म्हटले की, त्याचा अर्थ असा : सीमारेषा १.५० असेल तर १.४६ गुरुत्वाच्या चांगल्या कणांपैकी पाव हिस्सा दगडात जाईल आणि १.५४ गुरुत्वाच्या कणांपैकी पाव हिस्सा कोळशात येईल. यंत्र विकत घेणारा हा आकडा विचारतो आणि विकणारा तो सांगतो. मला या साध्या व्यवहारात फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो. आपण किती चुकतो हे कपाळावर लिहून उभे राहणारा न्यायाधीश जगात दुसरा कोणता असेल?

याच शास्त्रातील दुसरी एक गोष्ट याहूनही मननीय आहे. एखादा कोळसा धुण्यास सोपा की कठीण, हे त्यात दगड किती आहे यावरून ठरत नाही. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना ०.१ गुरुत्वाच्या आत किती माल दाटला आहे, यावरून ते ठरते. बर्ड या अभियंत्याने यासाठी एक पट्टी आखली. असा सीमेलगतचा माल ७ टक्क्यांपर्यंत असेल तर काम सोपे; १० ते १५ टक्के असेल तर कठीण; आणि २५ टक्क्यांच्या वर गेला तर ते जवळजवळ भयंकरच. निम्मा दगड आणि निम्मा कोळसा असूनही दोन्ही एकमेकांपासून दूर असतील तर निवड मुलांच्या खेळाइतकी सोपी होते. भारतीय कोळशाचे दुखणे हेच आहे की, त्यात सीमेलगतचा माल फार.

आपणांपैकी बहुतेक जण स्पर्धापरीक्षेच्या चाळणीतून गळून किंवा तरून या परक्या मुलखात आलेले आहोत; म्हणून ही गोष्ट आपणांस वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. काही हजार जागांसाठी लाखो उमेदवार बसतात, तेव्हा अगदी हुशार आणि अगदी अप्रबुद्ध यांना वेगळे करणे कठीण नसते. परंतु निवडीच्या रेषेपाशी माणसांची एवढी दाटी होते की, तेथे रेषा दशांश चिन्हापुढील अनेक अंकांपर्यंत ओढावी लागते. तरीही गुण समान निघाले तर वयाने मोठा असलेला वर येतो, आणि त्यानेही तिढा सुटला नाही तर नावांचा वर्णानुक्रम पाहतात. रेषेच्या अलीकडे उभा असलेला त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे मानाने खुर्चीवर बसतो आणि पलीकडचा आयुष्यभर स्वतःला नापास समजतो. ट्रॉम्पची वक्ररेषा दोघांनाही सांगेल की, त्या जागी यंत्राने त्यांच्या गुणांविषयी फारसे काही म्हटलेलेच नव्हते. पलीकडच्याने खचू नये आणि अलीकडच्याने माजू नये, एवढा बोध या वक्ररेषेतून निघाला तरी पुष्कळ झाले.

परंतु मला मांडावयाचा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. निवडीत दोन प्रकारच्या चुका होतात. कोळशाच्या ढिगात दगड येतो, ही एक. दगडाच्या ढिगात कोळसा जातो, ही दुसरी. गणिताच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच आहेत, पण व्यवहारात त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर पडते. कोळशात आलेला दगड गप्प बसत नाही. तो भट्टीत राख होऊन दिसतो, पोलाद कारखान्याची तक्रार येते, पैसे कापले जातात, वॉशरीच्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. दगडात गेलेल्या कोळशाचे मात्र कोणी गाऱ्हाणे आणीत नाही. तो ढिगाच्या पोटात मुकाट पडून राहतो. यामुळे यंत्र हाकणाऱ्याचा हात नकळत एकाच दिशेने वळू लागतो. तक्रार नको म्हणून तो सीमारेषा थोडी अलीकडे घेतो, मग आणखी थोडी. त्याचा कोळसा दिवसेंदिवस स्वच्छ होत जातो, त्याची वाहवा होते, आणि दगडाचा ढीग दिवसेंदिवस काळा होत जातो.

कचेरीत याहून वेगळे काय घडते? अपात्र माणसाचा अर्ज मंजूर झाला तर ऑडिटचा आक्षेप येतो, खुलासा मागविला जातो, वसुली निघते. पात्र माणसाचा अर्ज नामंजूर झाला तर काहीच होत नाही. फाईल बंद होते. नामंजुरीबद्दल खुलासा द्यावा लागल्याचे प्रसंग विरळा. अपिलाची सोय असते, हे खरे. परंतु अपील करावयाचे तर अपिलाची सोय आहे हे ठाऊक असावे लागते, कागद लिहून देणारा कोणी असावा लागतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालण्याइतके सवड आणि पैसे असावे लागतात. ज्याच्यापाशी हे सर्व आहे त्याचा अर्ज बहुधा पहिल्यानेच नीट भरलेला असतो. परिणामी जे सर्वांत गरजू तेच सर्वांत मूक राहतात. येथे कोणाच्या मनात दुष्टावा असावा लागत नाही. दोन चुकांपैकी एकीला आवाज असणे आणि दुसरीला नसणे एवढ्यानेच सज्जन माणसांच्या हातून अन्याय घडत जातो.

शुद्धतेच्या आग्रहाचीही अशीच गोष्ट आहे. अभियंता दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी ठेवतो : मिळालेला माल किती शुद्ध, आणि मूळ मालातील उपयुक्त अंशापैकी किती हाती लागला. एकच यंत्र, एकच माल असता पहिला आकडा चढविला की दुसरा उतरतो. दोन्ही एकदम चढविण्याची युक्ती अद्याप कोणास सापडलेली नाही. नव्वद टक्के शुद्धतेवरून पंचाण्णववर जाताना जे गमवावे लागते त्याहून पंचाण्णववरून नव्याण्णववर जाताना पुष्कळ अधिक गमवावे लागते. आपल्या समाजाने सोवळ्याचा आग्रह शतकानुशतके चालविला आणि आपण किती शुद्ध राहिलो याचा हिशेब अभिमानाने ठेवला. दाराबाहेर किती माणसे राहिली, हा दुसरा आकडा त्या वहीत कधी लिहिलाच गेला नाही. आजही ‘आमच्या योजनेत एकही बोगस लाभार्थी नाही’ असे कोणी म्हणाले की, दुसरा आकडा विचारावा असे माझ्या मनात येते.

मग सीमेवरच्या कणांचे करावे काय? वॉशरीने यावर एक उत्तर शोधले आहे. तेथे पुष्कळदा दोनच्या ऐवजी तीन ढीग करतात. स्वच्छ कोळसा, दगड आणि या दोहोंमधला माल. त्याला मिडलिंग म्हणतात. हा मधला माल फेकून देत नाहीत. तो वीज केंद्राकडे जातो, किंवा अधिक बारीक फोडून पुन्हा धुतला जातो. कारण मधला कण हा बहुधा चुकीच्या जागी आलेला कोळसा किंवा दगड नसून त्याच्या एकाच अंगात कोळसा आणि दगड एकमेकांना चिकटलेले असतात. त्याला फोडले तरच दोन्ही सुटे होतात. माझ्या मते हे मधल्या ढिगाचे तत्त्व नैतिक दृष्ट्या फार मोलाचे आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ‘अजून ठरलेले नाही’ अशी एक सन्मानाची जागा असणे, हे सुसंस्कृत व्यवस्थेचे लक्षण होय.

परंतु येथेही एक धोका आहे. अधिक फोडले म्हणजे अधिक चांगला निवाडा होतो, हे एका मर्यादेपर्यंतच खरे. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार पाण्यात तळाशी बसणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वाळूचा एक दशांश मिलिमीटरचा कण एक मीटर पाण्यातून सुमारे दोन मिनिटांत तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण तीन तास घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढ्या कणाला हिशेबाने जवळजवळ तेरा दिवस लागतात. म्हणजे फोडता फोडता पीठ झाले की हलके आणि जड हा भेदच हाती येईनासा होतो, आणि उरतो तो कशातही न मावणारा काळा गाळ.

संशयित अर्जदाराकडून आणखी एक कागद मागविणे हे असेच फोडणे आहे. पहिल्या-दुसऱ्या कागदाने पुष्कळदा खरोखर उलगडा होतो. पण सहावा आणि सातवा कागद काय करतो? आपणां मराठी मंडळींना याचा अनुभव घरचाच आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही आपली त्रयी परप्रांतातील नमुन्यांत पडली की, कोठे वडिलांचे नावच आडनाव होऊन बसते, कोठे विवाहित स्त्रीचे मधले नाव बदलल्यामुळे ती दुसरीच बाई ठरते. मग प्रतिज्ञापत्र, मग त्या प्रतिज्ञापत्राला आधार म्हणून शाळेचा दाखला, मग त्या दाखल्यातील जन्मतारखेच्या खात्रीसाठी आणखी काही. शेवटी सत्य बाजूस राहते आणि माणसाचेच पीठ होते. चौकशी कोठे थांबवावी हे कळणे हा चौकशीचाच भाग आहे. पुढचा कागद खऱ्याला खोट्यापासून अधिक वेगळे करील काय, की दोघांना सारखेच दळील, हा प्रश्न प्रत्येक पत्र टंकलिखित होण्यापूर्वी विचारला जावा.

यावर कोणी म्हणेल की, एवढ्या चुका होत असतील तर निवड करूच नये; सर्वांना सारखेच लेखावे. मला हे पटत नाही. निवडीवाचून ना पोलाद, ना पिण्याचे पाणी, ना औषध. शोल आणि लाइव्हली या दोन अभियंत्यांनी २०१६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले होते की, जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी १० ते १५ टक्के ऊर्जा रासायनिक मिश्रणे अलग करण्यातच खर्च होते. मिसळणे फुकट होते, वेगळे करणे फुकट होत नाही. मिठाचा खडा पाण्यात टाकण्यास काही लागत नाही, पण एक घनमीटर समुद्राचे पाणी गोडे करण्यास उत्तम कारखान्यातही सुमारे तीन युनिट वीज लागते. तिजोरीतील रक्कम मर्यादित असते, तेव्हा गरजूला निवडून काढण्याचे नाकारणे म्हणजे ती रक्कम धीटांच्या हाती सोपविणे होय. निवडीचे कर्तव्य टळत नाही, तिचा भार तेवढा ओळखावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोळशाच्या कणाला नाकारले गेल्याचे दुःख नसते, माणसाला असते. मग यंत्राचा दृष्टांत माणसाला लावणे हाच मुळात अपमान नव्हे काय? आक्षेप मला मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. ज्याला वेदना नाही त्या दगडकोळशाच्या बाबतीत आपण चुकीचे माप ठेवतो, मधला ढीग ठेवतो आणि नाकारलेला माल पुनःपुन्हा तपासतो. ज्याला वेदना आहे त्याच्या बाबतीत याहून कमी काळजी घेणे कोणत्या नीतीत बसेल?

नाकारलेल्या मालाविषयी दोन हकीकती सांगतो. एक आशेची, एक शोकाची. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे १८८३ साली शिसे, चांदी आणि जस्त यांच्या खनिजाचा प्रचंड साठा सापडला. वजनाच्या आधारे शिसे आणि चांदी वेगळी करता येत होती, जस्त मात्र वेगळे होईना. कारण जस्ताचे खनिज आणि त्याच्या सोबतचे निरुपयोगी दगड यांचे विशिष्ट गुरुत्व जवळजवळ सारखे. कोळशाचे जे दुखणे तेच येथेही, सीमेलगतची दाटी. म्हणून जस्त असलेला लाखो टन माल टाकाऊ ठरून डोंगरासारखा साचत गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॉटर, डेलप्रात आदी मंडळींनी तेथे एक निराळाच मार्ग काढला. त्यांनी वजन पाहण्याचे सोडले आणि कणाचा पृष्ठभाग पाण्याने भिजतो की बुडबुड्याला चिकटतो, हे पाहिले. जस्ताचे कण बुडबुड्यांवर बसून फेसाबरोबर वर आले आणि दगड खाली राहिला. टाकाऊ डोंगर पुन्हा उपसला गेला आणि त्यातून संपत्ती निघाली. तो माल आधीही निकामी नव्हता. त्याला लावलेली कसोटी निकामी होती. एका मापाने ज्यांच्यात भेद दिसत नाही त्यांच्यात दुसऱ्या मापाने स्पष्ट भेद दिसू शकतो. म्हणून कोणाही माणसाला शेवटचा नकार देण्याचा अधिकार एका मापाला नाही.

दुसरी हकीकत वेल्समधील अ‍ॅबरफॅन या खाणगावाची आहे. कोळशाच्या खाणीतील नको असलेला माल गावावरच्या डोंगरउतारावर टाकीत असत. त्यांपैकी सातवा ढीग १९५८ साली सुरू झाला, आणि तोही झऱ्यांच्या जागेवर. १९६३ साली स्थानिक अभियंत्याने शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाच्या धोक्याविषयी पत्र लिहिले होते. ते पत्र दप्तरात राहिले आणि ढीग वाढत राहिला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, मुले वर्गांत येऊन बसल्यावर, तो ढीग घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले. त्यांत ११६ मुले होती. चौकशी मंडळाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला, परंतु त्यामागे खलत्व नसून अज्ञान आणि अकार्यक्षमता असल्याचे म्हटले. यापेक्षाही लाजिरवाणी गोष्ट पुढे घडली. उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चापैकी दीड लाख पौंड १९६८ साली त्या गावाच्या मदतनिधीतून, म्हणजे मृत मुलांच्या नावाने लोकांनी दिलेल्या पैशांतून, घेण्यात आले. ते सरकारने परत केले १९९७ साली.

त्या ढिगाकडे कोणीही पाहत नव्हते, कारण तो ‘नको असलेला’ म्हणून एकदा ठरून गेला होता. निवड करणाऱ्याची समजूत अशी असते की, हवे ते उचलले की आपले काम संपले. वस्तुतः उचललेल्या मालाची जबाबदारी घेण्यास सर्वच पुढे असतात. निवडणाऱ्याच्या चारित्र्याची परीक्षा नाकारलेल्या ढिगापाशी होते. तो ढीग त्याच्याच हातांनी उभा राहिलेला असतो आणि म्हणून तो त्याचाच असतो.

चांगल्या वॉशरीत एक साधा नियम पाळतात. स्वच्छ कोळशाचा नमुना जसा नियमाने प्रयोगशाळेत जातो, तसाच टाकलेल्या दगडाचाही जातो. निरनिराळ्या गुरुत्वाच्या द्रवांत तो बुडवून पाहतात आणि त्यातून किती कोळसा वर तरंगतो ते लिहून ठेवतात. कोणी तक्रार केली म्हणून हे करीत नाहीत, कारण तेथे तक्रार करणारा कोणी नसतोच. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने यंत्र हाकणाऱ्याने स्वतःला विचारलेला हा प्रश्न आहे. निवाड्याचे काम करणाऱ्या आपणांसारख्यांनी नामंजूर झालेल्या शंभर अर्जांतून दरमहा पाच अर्ज, कोणीही मागितले नसता, पुन्हा उघडून पाहिले तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, की मोठा खर्चही होणार नाही. त्या पाचांतून एखादा जरी वर तरंगला तरी आपली चाळणी किती आणि कोणत्या बाजूस चुकते हे कळू लागेल. राजहंसाला हे करण्याची गरज नव्हती, कारण तो कवीच्या मनात राहत होता. आपण माणसांत राहतो, आणि आपल्या विवेकाला आपल्याच ढिगाकडे परत जाण्यावाचून गत्यंतर नाही.